बारदानाचा हिशेब

श्रावणातला रविवार मावळू लागला की चिखलदऱ्याच्या कड्यांवरची गर्दी परतवाड्याच्या वाटेने खाली उतरते. डोंगरावर धुके उरते, आणि त्या धुक्यात माणसांनी मागे टाकलेल्या वस्तूही उरतात. फाटलेले पातळ रेनकोट, काड्या मोडलेल्या छत्र्या, तळ सुटलेले बूट, तंबूची तुटकी दोरी. याच डोंगररांगेत देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक असलेला मेळघाट आहे; अकोल्याच्या बाजूने नरनाळ्याचा किल्ला आहे; आणि मध्य प्रदेशच्या हद्दीत मुक्तागिरीचे सिद्धक्षेत्रही आहे. ही भूमी सर्वांची आहे, म्हणूनच ती कोणाचीच नाही असे समजून तिच्याशी वागले जाते.

वऱ्हाडची परंपरा मात्र निराळी आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात पाऊल टाकताच हाती खराटा घेत. दिवसा रस्ते झाडावेत, रात्री कीर्तनातून मने झाडावीत, हा त्यांचा क्रम होता. धर्मशाळांसाठी मोठमोठ्या देणग्या त्यांच्या शब्दावर गोळा झाल्या, पण त्यांच्या अंगावरची चिंधी बदलली नाही. सार्वजनिक जागा स्वच्छ करणे हे हलके काम नव्हे, हे वऱ्हाडाला त्यांनी कृतीने शिकवले.

त्या शिकवणीचे स्मरण अकोल्याने १३ जानेवारी २०१८ रोजी, मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी करून दिले. शहरातून वाहणारी मोर्णा नदी जलकुंभीने झाकून गेली होती. ‘मिशन क्लीन मोर्णा’च्या पहिल्या टप्प्यात चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी दोन्ही काठांवर सहा हजारांहून अधिक नागरिक उतरले. शंभरांहून अधिक संस्था, महाविद्यालये, विद्यार्थी, वृद्ध आणि गृहिणी त्यांत होत्या. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या श्रमदानाचा गौरव केला.

या यशातच एक धडाही आहे. जलकुंभी सांडपाण्यावर पोसते. वरून येणारा मैला थांबल्याशिवाय काढलेली वेल पुन्हा पसरते. श्रमदानाने पात्र मोकळे होते, पण घाण जिथून निघते ते ठिकाण मोकळे होत नाही. डोंगरावरच्या कचऱ्याचेही तसेच आहे. स्वयंसेवकांनी पोती भरून खाली आणली तरी पुढच्या रविवारी नवी पोती भरण्याइतका माल बाजारातून वर चढलेला असतो.

हा माल खाली आणल्यावरही प्रश्न संपत नाही. पाण्याची रिकामी बाटली भंगारवाला आनंदाने घेतो, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. रेनकोट, पाठीवरची पिशवी किंवा तंबू यांचे तसे नाही. नायलॉनचे कापड, त्यावर पाणी अडवणारा थर, धातूची चेन, रबराची पट्टी हे सारे एकमेकांना चिकटवलेले असते. बुटात तर रबर, फोम आणि कापड गोंदाने एकजीव केलेले असते. हे घटक वेगळे करण्याचा खर्च निघणाऱ्या मालाच्या किमतीहून अधिक पडतो. म्हणून अशा वस्तूची दुरुस्ती करून ती वापरात ठेवणे, हाच तिचा सर्वांत चांगला पुनर्वापर ठरतो. श्रियांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी तेच केले. टाकून दिलेल्या खेळाच्या बुटांपासून चपला करणारा ‘ग्रीनसोल’ हा उद्योग त्यांनी मुंबईत उभारला, आणि त्या चपला अनवाणी शाळेत जाणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचवल्या.

एव्हरेस्टवर नेपाळने दुसरा उपाय योजला. २०१४ साली तेथे नियम झाला की प्रत्येक गिर्यारोहकाने किमान ८ किलो कचरा खाली आणावा. त्यासाठी मोहिमेकडून ४,००० डॉलर अनामत घेतली जाई. पुढे तक्रार आली की मंडळी खालच्या तळावरचाच कचरा वजनाला दाखवून अनामत सोडवून घेतात, आणि उंचावरचे तंबू तिथेच राहतात. वजन मोजले गेले, पण कोणती वस्तू वर गेली आणि कोणती परत आली, हे कोणी मोजले नाही.

वस्तुवार मोजण्याची ही विद्या वऱ्हाडच्या पेढ्यांना नवी नाही. धान्याचा तोल करताना बारदानाचे वजन वजा होते, त्याची किंमत वेगळी धरली जाते, आणि रिकामे पोते कधी वाऱ्यावर सोडले जात नाही. कापसाच्या व्यापारात तर काहीच वाया जात नाही. रुई गाठीत जाते, सरकीचे तेल आणि ढेप होते, शेतातली पऱ्हाटी चुलीला लागते. जिथे उरलेल्या प्रत्येक वस्तूला भाव आहे, तिथे पावसाळी सामान विकणाऱ्या दुकानाने जुना रेनकोट परत घेऊन नव्याच्या किमतीत थोडी सूट देणे अशक्य नाही. सहलीचे तंबू आणि पिशव्या विकण्याऐवजी भाड्याने देता येतील. फाटलेले शिवून देणारा कारागीर दुकानाच्या ओट्यावर बसवता येईल. आणि एकदाच वापरून फाटणारा माल मुळात मागवायचाच नाही, हेही ठरवता येईल. त्यात काही नफा सोडावा लागेल, आणि खरी कसोटी तिथेच आहे.

मुनींसाठी सांगितलेल्या पाच समित्यांमध्ये शेवटची उत्सर्ग समिती. टाकायचे ते कोठे व कसे टाकले असता जीवाला पीडा होणार नाही, याचे भान म्हणजे ती समिती. वस्तू घेताना सारेच सावध असतात. टाकताना सावध राहणारे थोडे. श्रावकाने मुनींची चर्या पाळावी अशी अपेक्षा नाही. परंतु ज्या दुकानातून रेनकोट डोंगरावर गेला, त्या दुकानाच्या वहीत तो परत आल्याची एक ओळ असावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. श्रमदानाला वर्षातून एक सकाळ पुरते. ही ओळ मात्र रोज संध्याकाळी, गल्ला मोजताना लिहावी लागेल.