पुरस्काराच्या अर्जात गावाचा रकाना कुठे आहे?

मुळशी तालुक्यात पिरंगुटला लागून कासार आंबोलीचे शिवार आहे. या पट्ट्यात आधी कारखाने आले. त्यांच्यामागून प्लॉट, बंगले आणि गृहसंकुले यांच्या जाहिराती आल्या. आता विकासकांच्या नावाआधी एक विशेषण हमखास जोडले जाते : ‘पुरस्कारप्राप्त’. घर घेऊ पाहणारा नोकरदार ते विशेषण वाचून आश्वस्त होतो. हा पुरस्कार कोणी, कशाबद्दल आणि कोणाला विचारून दिला, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

या सन्मानांची रीत पाहण्यासारखी आहे. उत्तम घरबांधणीच्या शोधात कोणी तटस्थ परीक्षक गावोगाव हिंडत नसतो. विकासक स्वतःच अर्ज करतो. ‘विभागातील सर्वोत्कृष्ट निवासी प्रकल्प’, ‘सर्वोत्कृष्ट टाउनशिप’ अशा गटांतून आपल्या सोयीचा गट निवडतो, अनेक ठिकाणी त्यासाठी प्रवेशशुल्कही भरतो. अर्जासोबत रंगीत संकल्पचित्रे, बागांचे नकाशे, पोहण्याच्या तलावाचे आणि क्लबहाऊसचे वर्णन जाते. समारंभाचे प्रायोजकही पुष्कळदा याच व्यवसायाच्या वर्तुळातले असतात. अशा व्यवहारातून जे हाती येते त्याला गुणगौरव म्हणायचे की विक्रीचे साधन, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मुळशीच्या माणसाला निश्चितच आहे. कारण याच तालुक्याने या प्रश्नाची किंमत मोजलेली आहे.

लवासाचे उदाहरण फार जुने नाही. राज्य शासनाने १९९६ मध्ये थंड हवेच्या ठिकाणांसाठी विशेष विनियम केले आणि २००१ मध्ये मुळशी व वेल्हे या तालुक्यांतील १८ गावे त्यांखाली आणली. २००२ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने वरसगाव जलाशयाकाठची सुमारे १४१ हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने दिली. २००५ मध्ये दासवे येथील नियोजित नगराच्या आराखड्याला अमेरिकेतील ‘काँग्रेस फॉर द न्यू अर्बनिझम’ या संस्थेचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तेथील भूदृश्य-रचनाकारांच्या संघटनेनेही त्या आराखड्याचा गौरव केला. सातासमुद्रापलीकडच्या परीक्षकांनी कागदावरचे नगर पाहिले आणि ते त्यांना सुंदर वाटले. कागद सुंदर होता, यात शंका नाही.

परंतु त्याच खोऱ्यातील मुगावचे कातकरी आमच्या जमिनी फसवून घेतल्या, अशी तक्रार करीत होते. ती तक्रार कोणत्याही आराखड्यात रेखाटलेली नव्हती. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राची पर्यावरणीय परवानगी न घेतल्याच्या कारणावरून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला. वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींसह परवानगी मिळाली. तरीही २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि आयुष्याची पुंजी गुंतवून बसलेले घरखरेदीदार बँकांच्या मागे रांगेत उभे राहिले. जमीन गमावलेला कातकरी आणि घराची वाट पाहणारा मध्यमवर्गीय यांची एरवी गाठ पडली नसती. एकाच पुरस्कारप्राप्त आराखड्याने दोघांनाही वाऱ्यावर सोडले. आराखड्याला दिलेले मानचिन्ह मात्र कोणी परत मागितल्याचे ऐकिवात नाही.

यावर विकासकांचे ठरलेले उत्तर असते : शेतकऱ्याने जमीन राजीखुशीने विकली, त्याला बाजारभाव मिळाला, मग तक्रार कसली? हे उत्तरही मुळशीला नवे नाही. १९२१ मध्ये रामनवमीच्या दिवशी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभला, तेव्हाही मोबदला दिला जात होताच. पण त्या खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मोबदल्याचा मोठा वाटा सावकाराच्या तिजोरीत गेला आणि जमीन कसणाऱ्याच्या वाट्याला विस्थापन आले. पाणी पश्चिमेकडे वळले, वीज मुंबईला गेली. त्या धरणाचाही अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून गौरव झाला. व्यवहार कागदोपत्री बिनचूक असणे आणि तो न्याय्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा या तालुक्याने शंभर वर्षांपूर्वीच गिरवला आहे. आज सावकाराची जागा जमिनीच्या दलालाने घेतली आहे, एवढाच फरक.

पुरस्काराच्या अर्जात आणखी एका घटकाला स्थान नसते. तो म्हणजे प्रत्यक्ष इमारत बांधणारा मजूर. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्यात संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि मुलाबाळांसह पंधरा जीव गेले. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात बांधकामावरील लोखंडी जाळी कोसळून पाच मजूर मेले. बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेचा व कल्याणाचा कायदा १९९६ मध्ये झाला. बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर त्यांच्यासाठी भरणे बंधनकारक आहे. किती मजुरांची नोंदणी झाली, त्यांच्या झोपड्या कुठे आहेत, त्यांची मुले शाळेत जातात की वाळूच्या ढिगावर खेळतात, याला उत्कृष्टतेच्या परीक्षेत किती गुण असतात? क्लबहाऊसच्या छताला गुण आहेत आणि ते छत घालणाऱ्याच्या डोक्यावरील पत्र्याला नाहीत, अशी ही परीक्षा आहे.

चांगले बांधकाम करणारे व्यावसायिक असतात, आणि त्यांचा गौरव व्हावा, हे कोणी नाकारीत नाही. वेळेवर ताबा देणारा, नकाशाप्रमाणे बांधणारा, मजुराला माणूस म्हणून वागविणारा बिल्डर सन्मानास पात्रच आहे. पण मग कसोटीही तशीच हवी. स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये झाला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात पूर्णपणे लागू झाला. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन त्यात आहे. प्रकल्पाच्या मंजुऱ्या, मुदती आणि न्यायप्रविष्ट प्रकरणे महारेराकडे सर्वांसाठी खुली असतात. परीक्षकांना ती पाहण्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. तेवढे कष्टही न घेता जे पुरस्कार वाटतात, ते ग्राहकाच्या अज्ञानावरच उभे आहेत.

म्हणून कासार आंबोलीसारख्या गावांनी पुरस्काराच्या बातमीने दिपून जाऊ नये. जो विकासक या शिवारातील प्रकल्पासाठी ‘विभागीय उत्कृष्टते’चा अर्ज करील, त्याने त्या अर्जाची प्रत आधी ग्रामसभेपुढे ठेवावी, अशी मागणी गावाने करावी. जमिनीवर कुळाचा किंवा आदिवासीचा हक्क होता काय? संकुलाला पाणी कोठून येणार, आणि त्या उपशाने गावच्या विहिरींचे काय होणार? सांडपाणी कोणत्या ओढ्यात जाणार? मजुरांचा उपकर भरला काय? गावातल्या किती तरुणांना पहारेकऱ्याच्या कामापलीकडचे काम मिळाले? या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे ग्रामसभेने, मजुरांच्या संघटनेने आणि ताबा घेतलेल्या रहिवाशांनी तपासावीत आणि त्यांचे मत अर्जाला जोडावे. पुरस्कार देणाऱ्या संस्थांना हे मान्य नसेल, तर आपण उत्कृष्टतेचा नव्हे, जाहिरातीचा व्यवहार करीत आहोत, हे त्यांनी उघडपणे सांगावे.

मंत्री आणि लोकप्रतिनिधी अशा समारंभांना प्रमुख पाहुणे म्हणून जातात. शासनाच्या प्रतिनिधीने मानचिन्ह हाती दिले की खासगी जाहिरातीला सरकारी मोहर लागते. गावाच्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्यांनी त्या व्यासपीठावर पाय ठेवू नये, ही मागणी मुळशीच्या मतदाराने मत देण्यापूर्वी त्यांच्यापुढे ठेवली पाहिजे.