चालीत न बसलेला कवी

राजकुमारने चिनॉय सेठला ऐकवलेलं काचेच्या घराचं वाक्य ठाऊक नाही, असा माणूस विरळा. ‘वक्त’मधली (१९६५) गाणीही आपल्याला पाठ असतात आणि ती साहिर लुधियानवींची, हेही बहुतेकांना माहीत असतं. संवाद कुणाचे, असं विचारलं की मात्र सगळे गप्प. ते अख्तर-उल-ईमान यांचे. ‘धर्मपुत्र’ आणि ‘गुमराह’मध्येही कामाची हीच वाटणी होती. दोघेही उर्दूतले मोठे कवी. पण एकाचे शब्द रेडिओवरून घरोघरी पोचले, दुसऱ्याची कविता पुस्तकातच राहिली. यंदाच्या अंकात त्या दुसऱ्याविषयी लिहावंसं वाटलं.

अख्तर-उल-ईमान यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९१५चा, बिजनौर जिल्ह्यातला. घरी गरिबी, बिऱ्हाड सतत हललेलं, शाळा दिल्लीच्या अनाथाश्रमातली. १९४०च्या दशकात पुण्याच्या शालिमार पिक्चर्समध्ये आले, मग मुंबईत, आणि १९९६मध्ये निधन होईपर्यंत मुंबईकरच राहिले. पण लहानपणीची एक आठवण त्यांनी जपून ठेवली होती. गाव सोडायचं म्हणून बैलगाडीत सामान भरलं जातंय आणि निघायची इच्छा नसलेला एक पोरगा ते बघत उभा आहे.

‘एक लड़का’ ही त्यांची सर्वांत गाजलेली नज्म याच पोराची. आंब्याच्या राया, शेताचे बांध तुडवणारा हा मुलगा मोठ्या झालेल्या कवीचा पिच्छा सोडत नाही. पोटासाठी नालायकांपुढे हात पसरावे लागलेल्या माणसाला तो पुनःपुन्हा एकच विचारतो: अख्तर-उल-ईमान तूच ना? वैतागून कवी सांगतो, तो केव्हाच मेला. मुलगा हसतो आणि म्हणतो, खोटं आहे, मी जिवंत आहे. स्वतःचं नाव असं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारी दुसरी कविता मला चटकन आठवत नाही. मक्त्यात, म्हणजे गझलेच्या शेवटच्या शेरात, नाव गुंफून दाद घेणाऱ्या परंपरेत तर हे फारच बोचरं.

पोटासाठी सिनेमा आणि जिवासाठी कविता, हा हिशेब त्यांनी वेगवेगळ्या वह्यांत ठेवला. गझल जवळपास टाळलीच. सिनेमासाठी गीतं लिहिली नाहीत. एकही गाणं नसलेल्या ‘कानून’चे (१९६०) संवाद त्यांचेच असावेत, हा योगायोग मला फार गमतीचा वाटतो. कवितेची भाषाही मुद्दाम खडबडीत, बोलण्याच्या वळणाची. मुशायऱ्यात ‘वाह’ यावी अशी ओळ हाती लागली तरी पुढच्या ओळीत ते ती मोडून टाकतात. ‘यादें’ या कवितासंग्रहाला १९६२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी लोकप्रियता आली नाही ती नाहीच. त्यांच्या काही नज्मा मलाही कोरड्या वाटतात, हेही सांगून टाकतो.

दिवाळी अंक जाहिरातींवर उभा राहतो, हे वाचकांपासून लपलेलं नाही; आमच्या पोटाची वही तीच. म्हणून यंदा कवितांची पानं अंकाच्या मधोमध घेतली आहेत आणि त्यांच्या शेजारी एकही जाहिरात ठेवलेली नाही. एका जाहिरातदाराला नेमकी तीच जागा हवी होती. त्यांना मुखपृष्ठामागचं पान दिलं, थोड्या सवलतीत.