दवाखान्याची रांग आणि आपले नागरिकत्व

कर्जत-खालापूरमध्ये गरीब आजारी माणसाचा दिवस डॉक्टरपुढे कमी आणि दाराबाहेर जास्त जातो. खांडसच्या पलीकडच्या वाडीतली कातकरी बाई सकाळची गाडी धरून कर्जतला येते. केस पेपरची रांग, ओपीडीची रांग, रक्त तपासायची रांग, औषधाची रांग. तोवर खिडकी बंद होते आणि "उद्या या" असे ऐकू येते. तिची आजची मजुरी बुडालेली असते, उद्याचीही बुडणार आणि वर दोन दिवसांचे गाडीभाडे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. ही बुडालेली मजुरी कुठल्या हिशेबात धरली? फुले जन आरोग्य योजनेचा उपयोग दाखल झाल्यावर. ओपीडीच्या बाकड्यावर ती कामाला येत नाही.

खासगी दवाखान्यात वेगळे काय घडते? नंबर लावून तीन तास बसलेल्यांच्या समोरून ओळखीचा माणूस थेट आत जातो. कोणी विचारलेच तर कंपाउंडर डाफरतो, "घाई असेल तर दुसरीकडे जा." रांग मोडायला ओळख लागते आणि ओळख कोणत्या आडनावांकडे पिढ्यान्‌पिढ्या साठली आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आपल्यातले काही शिकलेले म्हणतात, रुग्ण हा ग्राहक आहे, ग्राहकसेवा सुधारा. मित्रांनो, या शब्दात अडकू नका. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालये त्याबाहेर ठेवली. म्हणजे खिशात पैसा असेल तर तुम्ही ग्राहक. मग ती कातकरी बाई कोण?

ती नागरिक आहे. पश्चिम बंगालमधला शेतमजूर हकीम शेख १९९२ मध्ये रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार असताना एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. निकाल तातडीच्या उपचारांचा होता, हे खरे. पण जगण्याच्या हक्कात वेळ मोजली जाते, हे तत्त्व त्यातून पक्के झाले.

"डॉक्टरच कमी आहेत, ते तरी काय करणार?" डॉक्टर कमी आहेत, मान्य. तिथली नर्स, आशाताई, सफाई कामगार भरडले जातात, हेही मान्य. त्यांच्यावर ओरडून काही साधणार नाही. पण रिकामी पदे भरायची कोणी? बाकडे, पिण्याचे पाणी, ओपीडीच्या वेळेचा फलक, वशिल्याशिवाय चालणारा नंबर, यांना कुठला तज्ज्ञ डॉक्टर लागतो?

म्हणून कामाला लागा. मंजूर पदे किती, रिकामी किती, हे माहितीच्या अधिकारात मागा. रुग्ण कल्याण समितीत कोण बसते, तिचा निधी कशावर खर्च होतो, ते विचारा. खासगी रुग्णालयात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावलेली आहे का, बघा. २०२१ पासून राज्याच्या नियमांनी ती बंधनकारक आहे. आजारी माणसासोबत रांगेत उभे राहा, ओळख वापरून त्याला पुढे घुसवू नका. तसे केले की मागचा गरीब आणखी मागे जातो.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून चवदार तळे खुले केले होते. तरी ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जावे लागले. ते महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. कागदावरचा हक्क चालत जाऊनच घ्यावा लागतो.

जय भीम! जय संविधान!