तांदळातले नाव, सोन्यातले नाव

दसरा होऊन चार दिवस झाले नाहीत तोच यवतमाळहून धाकट्या भावजयीचा फोन आला. लेकीचे लग्न वैशाखात झाले, आता पहिला दिवाळसण. जावयाला अंगठी ठरलेलीच आहे. पण लेकीच्याही हातात काहीतरी घालावे आणि त्यावर तिचे नाव कोरून घ्यावे, असा तिचा बेत. "वन्सं, नाव कोणते घालू हो? आपल्या घरचे, की त्यांनी ठेवलेले?"

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरामुलगा सोन्याच्या अंगठीने त्यात मुलीचे नवे नाव लिहितो. मंडळी वाकून वाचतात, पेढे वाटले जातात आणि थोड्या वेळाने ते तांदूळ गोळा होतात. नाव मात्र जन्मभर चिकटते. अलीकडे पुष्कळ मुली नाव बदलतच नाहीत, हे फार बरे झाले. पण आमच्या भाचीचे बदलले आहे.

भावजयीला उत्तर देण्याआधी मला आमच्या आत्याबाईंच्या पाटल्या आठवल्या. त्यांना दारव्ह्याकडे एका शेतकरी घरात दिले होते. लग्न १९६३ च्या उन्हाळ्यातले. त्याच वर्षीच्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले होते. सोनाराने नवा दागिना १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचा घडवायचा नाही, असा हुकूम! कितीतरी कारागिरांच्या पोटावर त्या वेळी पाय आला. बावनकशी सोन्याशिवाय बोलणे नसलेल्या आमच्या आजीला चौदा कॅरट म्हणजे पितळच वाटे. तिने नवे काही केलेच नाही. स्वतःच्या हातातल्या दोन भरीव पाटल्या उतरवल्या, सोनाराकडे नेल्या आणि आतल्या अंगाला लेकीचे माहेरचे दोन अक्षरी नाव कोरून घेतले. सासरी दुसरे नाव ठेवणार हे तिला ठाऊक होते. म्हणूनच कोरले असावे.

पुढे एका वर्षी पावसाने दगा दिला, कापूस घरात आलाच नाही आणि पाटल्या सावकाराकडे गेल्या. आमच्या वऱ्हाडात हे कोणाला नवे नाही. पीक आले की सोने, पीक बुडाले की गहाण. दोन वर्षांनी व्याजासकट पैसे फेडले, तेव्हा सावकाराच्या गुमास्त्याने पुडके सोडून पाटल्या पुढे ठेवल्या. घडण तीच, वजनही जवळपास तेच. आत्याबाई हट्टाने बरोबर गेल्या होत्या. त्यांनी एक पाटली उजेडात धरून आत पाहिले आणि म्हणाल्या, "ह्या माझ्या नव्हेत." गुमास्ता हसला. आत्यांनी कोरलेले नाव सांगितले, तर त्यांच्या यजमानांनाच ते नवे! एकेक करून चार पुडकी सुटली. पाचव्यात ती दोन अक्षरे निघाली.

यवतमाळकरांना शकुंतला म्हटले की मूर्तिजापूरची ती चिमुकली गाडी आठवते. ती काही आता धावत नाही. मला मात्र कालिदासाची शकुंतला आठवते. दुष्यंताने नाव कोरलेली अंगठी तिच्या बोटात घातली आणि सांगितले की रोज यातले एक अक्षर मोज, अक्षरे संपेपर्यंत माझा माणूस तुला न्यायला येईल. पुढे अंगठी पाण्यात पडली, माशाच्या पोटातून कोळ्याच्या हाती आली आणि तो विकायला गेला तेव्हा नावावरूनच पकडला गेला. पण पाहा, त्या अंगठीवर नाव राजाचे होते, शकुंतलेचे नव्हते. म्हणून सापडली तेव्हाही ती राजाकडेच गेली.

कायदा आपल्या बाजूला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक झाली, आणि १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधन सासरच्यांच्या ताब्यात दिले तरी ते तिचेच राहते. म्हणून भावजयीला पहिली गोष्ट सांगितली ती कोरण्याची नव्हेच: पावती लेकीच्या नावाने कर.

मग दागिना. तो भरीव हवा. आत लाख भरलेल्या किंवा पातळ पत्र्याच्या दागिन्यावर कोरणी चालवली की पत्रा दबतो. अंगठी नको म्हटले. बोट जाड झाले की ती कापून वाढवावी लागते आणि नेमके अक्षर मध्ये येते. २२ कॅरटचा दागिना असेल तर त्यावर ९१६ हा आकडा, भारतीय मानक ब्यूरोची त्रिकोणी खूण आणि सहा अक्षरअंकांचा क्रमांक पाहून घ्यावा. हा क्रमांक जुलै २०२१ पासून आला. 'बीआयएस केअर' या ॲपवर तो पडताळता येतो. नाव घालायचे ते या खुणांना धक्का न लावता. हाताने कोरले तर अक्षर खोल बसते. लेसर यंत्राचे सुबक दिसते, पण फार उथळ असेल तर वारंवारच्या पॉलिशने पुसट होते. हाताने कोरताना सोन्याचा थोडा कीस निघतो. तो मागून घ्यायला लाजू नये. सोनाराच्या दुकानातला केर धुऊन झारेकऱ्यांची पोटे भरत आली आहेत, ती काही उगीच नव्हे.

आणि नाव तोंडी सांगू नये, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यावे. आमच्या एका शेजारणीच्या बिलवरांवर 'प्रीती'ची 'प्रिती' झाली. शाळेत मराठी शिकवणारी बाई ती! बिलवर घालते, पण हात उलटा करीत नाही.

एवढे सगळे सांगितले तरी मूळ प्रश्न राहिलाच. मी म्हटले, "अगं, तिलाच विचार ना." भावजयीला ते पटेना, भेटीतली गंमत जाते म्हणे. पण रात्री पुन्हा फोन आला. लेक म्हणाली होती, दोन्ही नावे कागदपत्रांवर आहेतच. तू मला घरात जी हाक मारतेस ती घाल.

"पण वन्सं, ते लिहायचे कसे? मी तर लाडाने शेवट लांबवते."