डोळा आणि हात

‘अँटिसिपेशन’ ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, की विद्यार्थी बहुधा ‘अपेक्षा’ किंवा ‘प्रतीक्षा’ असे उत्तर देतो. उत्तर चूक नव्हे. पण अपुरे आहे. ह्या दोन्ही शब्दांच्या पोटी संस्कृतातील ‘ईक्ष्’ हा धातू असून त्याचा अर्थ पाहणे असा आहे. मराठी माणूस तर सरळ ‘वाट पाहतो’. उत्कंठेत मात्र डोळ्याबरोबर मानही आली. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘कंठ’ म्हणजे गळा. शाहू महाराजांनी बांधविलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मल्लांची जोड आखाड्यात उतरते, त्या क्षणी हजारो माना कशा उंचावतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला ह्या शब्दाची फोड निराळी सांगावी लागत नाही.

इंग्रजी शब्दाची घडण वेगळी आहे. तो लॅटिनमधून आला. ‘आन्ते’ म्हणजे आधी आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणे, पकडणे. येथे डोळा नाही, हात आहे. जे यावयाचे आहे ते येण्यापूर्वीच हाती घेणे, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे इंग्रज लोक नुसत्या वाट पाहण्यालाही तोच शब्द लावू लागले. वापरून वापरून शब्दांची धार जाते, त्यातलाच हा प्रकार.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. पावसाळ्यात सारे कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याची पातळी विचारीत असते. पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका. मधले 4 फूट हीच काय ती सवड. त्या सवडीत एक जण पुलावर उभा राहून पाणी किती चढले हे न्याहाळतो. दुसरा गोठ्यातील जनावरे सोडून उंचावर नेतो. पहिल्यापाशी अपेक्षा आहे, अँटिसिपेशन दुसऱ्यापाशी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले, तेव्हा घरांत अडकलेल्या कित्येकांना नावांतून बाहेर काढावे लागले.

मग ह्या शब्दाला मराठीत प्रतिशब्द कोणता? ‘पूर्वतयारी’ जवळचा आहे, ‘तजवीज’ही चालेल. परंतु सर्वांत नेमका शब्द पंचतंत्रातील एका माशाचे नाव आहे, आणि तो कोशांपेक्षा गोष्टीतच अधिक भेटावा ही खेदाची गोष्ट होय. त्याचे नाव अनागतविधाता. अनागत म्हणजे अजून न आलेले. विधाता म्हणजे व्यवस्था करणारा. नाव उच्चारावयास जड आहे खरे, पण अर्थ लख्ख आहे. उद्या ह्या तळ्यात जाळे टाकू, हे कोळ्यांचे बोलणे कानी पडताच तो दुसऱ्या तळ्यात निघून गेला. त्याचा सोबती यद्भविष्य, म्हणजे ‘जे व्हायचे ते होईल’ असे म्हणणारा, तेथेच राहिला. दुसऱ्या दिवशी कोळी आले आणि तो जाळ्यात सापडला.