‘पाणी वाचवा’ हे कुणाला सांगता?

मे महिन्यात आमच्या सोसायटीत पाणीबचतीची सभा झाली. मी जबलपूरला पीएचडी करते आणि त्या सोसायटीत भाड्याने राहते. बोअर आटली होती, टँकर मागवावे लागत होते. एका निवृत्त इंजिनिअर काकांनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं: भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घाला, कपडे खळबळलेल्या पाण्याने फरशी पुसा, आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा. सगळं बरोबर होतं. टाळ्या पडल्या. मग काका म्हणाले, खरी अडचण मागच्या वस्तीची आहे, त्या लोकांना पाण्याची किंमत नाही, नळ उघडे टाकतात. त्यावरही माना डोलल्या.

मी तशाच वस्तीत वाढले आहे. आणि मी गप्प बसले.

माझे आजोबा गोंदियाकडून छोट्या लाईनच्या गाडीने इथे आले आणि गन कॅरेज फॅक्टरीत मजुरीला लागले. आमच्या गल्लीला एक सरकारी नळ होता, तो पहाटे यायचा. आजीकडे पाण्याचा एक क्रम होता. भांडी राखेने घासायची. पहिल्या विसळीचं पाणी खरकटं आणि तेलकट, ते नालीत. दुसऱ्या विसळीचं पाणी पुढच्या भांड्यांच्या पहिल्या विसळीला. आंघोळ घमेल्यात बसून, ते पाणी संडासाला. कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, मग पायपुसण्याला. साबणाचं पाणी कढीपत्त्याला रोज घालायचं नाही, मूळ जळतं. लंगोटांचं पाणी साठवायचं नाही. वापरलेलं कुठलंच पाणी रात्रभर ठेवायचं नाही, वास मारतं. काकांच्या पडद्यावर याहून वेगळं काय होतं? आजीला मात्र कुणी पर्यावरणप्रेमी म्हटलं नाही. एकाच बादलीत तीन कामं करतात म्हणून ‘घाणेरडे लोक’ म्हटलं.

म्हणून आजीचं गुणगान करायला मी हे लिहीत नाही. नळाची वेळ आणि शाळेची वेळ एक झाली तेव्हा आत्याने चौथीत शाळा सोडली. ती बचत आत्याच्या वहीतून झाली. सक्तीला संस्कृती म्हणायची सवय आपण ज्यांची सोडवू पाहतो, त्यांच्याच भाषेत आपण बोलू नये.

आता हिशेब मांडू. मलनिस्सारण वाहिन्या असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी असावं, असा सरकारी निकष आहे. सार्वजनिक नळावर भरणाऱ्यासाठी तोच निकष ४० लिटरचा आहे. कुणाला किती लागतं हे नळ कुठे आहे त्यावरून आधीच ठरलेलं. आणि नळ कुठे असतो? २०११च्या जनगणनेत देशातल्या ४६.६ टक्के घरांना पिण्याचं पाणी घराच्या आवारात मिळत होतं. अनुसूचित जातींच्या घरांत हे प्रमाण साधारण ३५ टक्के, अनुसूचित जमातींच्या घरांत साधारण २०. जुन्या टाकीचा संडास एकदा फ्लश केला की दहा लिटर जातात, म्हणजे नळावरच्या बाईच्या दिवसाचा चौथा हिस्सा. साध्या घरगुती आरओतून एक लिटर पाणी मिळवताना दोन-तीन लिटर बाहेर पडतं. वस्तीतल्या नळाला तोटी नसते, हे खरं. ती बसवायचं काम ज्यांचं, त्यांना सभेत कुणी बोलावलं नव्हतं.

पाणी कुणी घालवलं, हे या शहरात शोधायला लांब जावं लागत नाही. जबलपूर बावन्न तालांचं शहर म्हणवतं. राणीतालच्या जागेवर स्टेडियम आहे. राणीच्या दासीच्या, म्हणजे चेरीच्या, नावाचा म्हणून सांगतात तो चेरीताल आज एक मोहल्ला आहे. तलाव बुजवून प्लॉट पाडणारे मागच्या वस्तीतले नव्हते. नर्मदेवर वरच्या अंगाला बरगी धरण झालं, त्यात १६२ गावं बाधित झाली. त्यांत गोंड कुटुंबं मोठ्या संख्येने होती. कित्येक जण याच शहरात रिक्षा ओढायला आले. ज्यांच्या जमिनीवर पाणी साठलं तेच आता टँकरच्या रांगेत उभे राहतात, आणि त्यांनाच पाण्याची किंमत शिकवायची!

वापरलेलं पाणी पुन्हा वापरायचं म्हटलं की जात आणखी उघडी पडते. सांडपाणी कशाला म्हणायचं, हे आपल्याकडे साबणाने आणि तेलाने ठरलेलं नाही. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर महाडच्या सवर्णांनी १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं आणि मंत्र म्हणत तळ्यात परत ओतलं. ‘शुद्ध’ झालं. १९७२ साली, महाराष्ट्र दुष्काळात होरपळत असताना, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली.

आमच्या सभेत ठरलं की न्हाणीघरांचं पाणी एका टाकीत घेऊन बागेला द्यायचं. चांगली योजना. मी विचारलं, टाकीतला गाळ कोण काढणार? सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, सफाईवाला आहे ना.” पाइप टाकला की प्रकल्प, गाळ काढला की ‘त्यांचं’ काम. बंद टाकीत विषारी वायू साठतो. सेप्टिक टाक्यांत माणसं मरतात म्हणून २०१३चा कायदा झाला, हे त्या खोलीत निदान दोघा वकिलांना माहीत असणार. त्याच सफाईवाल्या भैयासाठी जिन्याखाली वेगळा माठ आहे. तो मी दोन वर्षं रोज पाहते.

हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते, कारण दुसरी गोष्टही खरी आहे. विभागातले सहकारी घरी येणार असले की मी बेसिनखालची बादली बाल्कनीत सरकवते. तुमच्यापैकी अनेकांनी, घरातल्या पहिल्या पदवीधरांनी, हे केलं असेल. फ्लॅटमध्ये आलो की आपण आधी बादली लपवतो. मग माठ दिसेनासा होतो. मग एखाद्या सभेत ‘त्या लोकांना’ ऐकून आपलीही मान हलते.

पुढची सभा रविवारी आहे. मी विषयपत्रिकेसाठी तीन मुद्दे लिहून दिले: प्रत्येक फ्लॅटला मीटर आणि जास्त वापराला चढा दर; टाकीची सफाई यंत्राने, माणूस आत न उतरवता; जिन्याखालचा माठ बंद, सगळ्यांना एकच कूलर. सेक्रेटरींनी पहिले दोन घेतले. तिसऱ्याचा पाण्याशी संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. मी तो पुन्हा लिहून दिला आहे.