सूर्यास्ताआधी की नंतर?

१४ मे १९४८. तेल अवीवमध्ये दुपारी चारच्या सुमारास डेव्हिड बेन गुरियन यांनी इस्रायलच्या स्थापनेची घोषणा केली. ज्यू पंचांगात तो दिवस ५ इय्यार ५७०८. घोषणा रात्री नऊला झाली असती तर तारीख ६ इय्यार लागली असती, कारण तिथे दिवस सूर्यास्ताला बदलतो. इंग्रजी तारखेवरून ज्यू तारीख काढून देणारे कितीतरी प्रोग्राम मात्र वेळ विचारतच नाहीत.

या पंचांगाच्या गणिताची बाजू भक्कम आहे. महिना २९ दिवस, १२ तास आणि तासाच्या १०८० भागांपैकी ७९३ भागांचा. १९ वर्षांत ७ अधिकमास. आणि हा अधिकमास आपल्यासारखा फिरता नाही. दरवेळी अदार महिनाच दोनदा येतो. नववर्ष रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी पडू द्यायचं नाही, हा नियमही संगणकाला चार ओळींत शिकवता येतो.

घोडं अडतं ते रीतिरिवाजापाशी. साध्या वर्षी अदारमध्ये वारलेल्या वडिलांचा स्मृतिदिन अधिक वर्षात कोणत्या अदारात पाळायचा? अश्केनाझी परंपरेचे ज्यू बहुधा पहिला धरतात, सेफार्दी परंपरेचे दुसरा. ठाण्या-मुंबईतल्या बेने इस्रायली ज्यूंची उपासना सेफार्दी वळणाची. प्रोग्रामने गुपचूप पहिला अदार छापला, तर घरचे महिनाभर आधीच प्रार्थनेला बसायचे!

ठामपणे एकच तारीख फेकण्याआधी प्रोग्रामने दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: सूर्य मावळला होता का, आणि घरची रीत कोणती? पहिल्याचं उत्तर बहुतेकदा रुग्णालयाच्या कागदावर सापडतं. दुसऱ्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारावं लागतं.